चाळीस अंशांची खोली

अक्का, काल तुझ्या शोकसभेत मी भांडले. ठरवून गेले नव्हते. डोळे पुसायला रुमाल घेऊन गेले होते, तो कोरडाच परत आणला. स्टाफरूममध्ये टेबलावर तुझा फोटो ठेवला होता, ओळखपत्रावरचा मोठा करून आणलेला, आणि त्यात तू कधीच नव्हतीस तशी गरीब गाय दिसत होतीस. वीज गेलेली होती. सगळे माना खाली घालून घाम पुसत होते, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं की रडताहेत.

पहिले बोलले ते म्हणाले, बिचाऱ्या मॅडमनी संसार केला नाही, साबणाच्या फेसात आयुष्य घालवलं. दुसऱ्यांनी 'अपुरी साधनं' आणि 'मागास भाग' हे शब्द इतक्या मायेने उच्चारले की जणू तू पूरग्रस्त होतीस. मग उठले आपले विभागप्रमुख. त्यांना तू घरी 'गार सर' म्हणायचीस, कारण प्रयोगशाळेसाठी तू मागितलेला वाळ्याचा कूलर शेवटी त्यांच्या केबिनच्या खिडकीत बसला. ते म्हणाले, "मॅडमचा शेवटचा पेपर परीक्षकांनी परत पाठवलाय. त्यातल्या त्रुटी आपण दूर करू. योग्य तापमानाला मोजमापं नव्याने घेऊ आणि श्रद्धांजली म्हणून छापून आणू."

मी उभी राहिले. "त्रुटी कोणती, सर?"

"अगं, आत्ता ही वेळ नाही."

"मग कधी? त्या होत्या तेव्हा तुम्ही विचारलं नाहीत. तापमान चुकीचं नाही, ते आपल्या खोलीचं आहे. आणि बिचारी वगैरे कुणी म्हणू नका. त्यांनी ऐकलं असतं तर तुम्हाला पळता भुई थोडी झाली असती."

कुणीतरी माझा हात धरून मला खाली बसवलं. मग दोन मिनिटं शांतता पाळली, आणि त्या दोन मिनिटांत मी एकदाही तुझ्या आत्म्याच्या शांतीसाठी प्रार्थना केली नाही. तुला शांती मिळाली तर तू काय करशील, हा मला प्रश्नच आहे.

कॉलेजात मी तुला 'मॅडम, तुम्ही' म्हणायची आणि घरी 'अक्का, तू'. पारोळ्याहून जळगावला एम.एस्सी. करायला आलेल्या मुलीला राहायला जागा मिळेना, म्हणून तू तुझी पुढची खोली दिलीस. मी पुढे संशोधनाला तुझ्याकडेच नाव नोंदवलं आणि ती खोली माझीच होऊन बसली. आज मी तुझ्याशी 'तू' म्हणूनच बोलणार आहे. कॉलेजला काय ऐकायचं ते त्यांनी काल ऐकलं.

पहिल्याच दिवशी तू मला प्रयोगशाळेच्या दारातून परत पाठवलंस. मी छान तेल चोपडून, वेणी घालून आले होते. गाव विचारलंस, पारोळा म्हटल्यावर एकदम आपल्या बोलीवर आलीस. "तेल लाईसन ऊनी का? जाय, धोईसन ये." मला वाटलं, ही बाई विक्षिप्त आहे. नंतर कळलं की विक्षिप्त तर आहेसच, पण तेलाचं खरं होतं. आपलं सगळं काम पाण्याच्या पृष्ठभागावरचं. पाणी आपला पृष्ठभाग घट्ट ओढून धरतं, आणि साबणासारखी द्रव्यं, ज्यांना पुस्तकात सर्फॅक्टंट म्हणतात, ती त्या पृष्ठभागावर जाऊन बसली की तो ताण सैल होतो. किती सैल झाला ते नळीतून पडणारे थेंब मोजून काढायचं. त्यात बोटाचं जरासं तेल, भांड्याला राहिलेला जरासा साबण, काहीही चालत नाही. म्हणून साबणावर संशोधन करणाऱ्या तुझ्या खोलीत साबणालाच बंदी होती. भांडी आम्लाने धुवायची, मग पाण्याने, मग पुन्हा पाण्याने, आणि हात राखेने. विभागातले लोक हसायचे. तू त्यांच्याकडे लक्ष द्यायची नाहीस, कारण तू तेव्हा थेंब मोजत असायचीस आणि कुणी बोललं की आकडा चुकतो.

तू शिकवायचीस ते मी अजून कुणाला जमलेलं पाहिलं नाही. या रेणूंना एक डोकं असतं, त्याला पाणी आवडतं. एक शेपूट असते, तिला पाणी अजिबात आवडत नाही. पाण्यात असे रेणू पुरेसे झाले की ते आपण होऊन घोळका करतात, शेपट्या आत, डोकी बाहेर. हा घोळका म्हणजे मिसेल. थंडीत शेकोटीभोवती माणसं बसतात तसं, असं तू म्हणायचीस, फक्त इथे शेकोटी नाही, आत नुसती पाण्यापासूनची सुटका आहे. "आणि बघा," तू वर्गाला सांगायचीस, "यांना कुणी बांधलेलं नाही. दोरी नाही, मुकादम नाही. सुटायचं तर सुटू शकतात, तरी एकत्र राहतात." एका लग्नाळू स्थळाच्या मामाने तुला विचारलं होतं, एकटीने जन्म कसा काढणार. तू त्याला हेच मिसेलचं सगळं समजावून दिलंस, फळ्यावर काढून. मामा चहा अर्धा टाकून गेला. ते आठवलं की मला अजून हसू येतं, कालही आलं असतं, पण त्या पहिल्या वक्त्याचं तोंड समोर होतं.

हिंगणबेटाचं काम माझ्या आईमुळे सुरू झालं, हे तू प्रत्येक ठिकाणी सांगायचीस आणि मला लाज वाटायची. आमच्याकडे रेशमी लुगडं हिंगणबेटाच्या, म्हणजे एका काटेरी झाडाच्या फळाच्या, गराच्या फेसात धुतात. तू पारोळ्याला जेवायला आली होतीस, आई अंगणात लुगडं चोळत होती, आणि तू भाकरी हातात तशीच धरून उठलीस आणि घमेल्याशी जाऊन उकिडवी बसलीस. फेस पाहत राहिलीस. आईला वाटलं, पाहुण्या बाईला घेरी आली. त्यानंतर नदीकाठची हिंगणबेटं पोत्यात भरून आणायची, गर काढायचा, शुद्ध करायचा, हेच आपलं दरवर्षीचं झालं. शहरातल्या लोकांनी परदेशी बाटल्यांतली द्रव्यं मोजली. आपण काट्यांतून हात ओरबाडून आणलेली मोजली. तुझ्या हाताला ते ओरखडे शेवटपर्यंत होते आणि तू ते कधी लपवले नाहीस.

आता भरताची गोष्ट, अक्का. ती मी सांगितल्याशिवाय हे पुढे जाणार नाही, आणि तूही अडवू शकत नाहीस.

हिवाळ्यात विभागाची भरीत पार्टी होती, मळ्यात. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, वर शेंगदाण्याचं तेल अगदी सोडलेलं, कळण्याच्या पुऱ्या. तू पोटभर जेवलीस आणि सगळे गप्पा मारत असताना सायकल काढून प्रयोगशाळेत परत गेलीस, कारण द्रावणं तयार होती. साबणाला बंदी, म्हणून हात राखेने धुतलेस, नेहमीसारखे. भरताच्या तेलाला राख कितपत पुरणार? त्या दिवशीच्या आलेखात एक खड्डा आला. ताण उतरत उतरत जाऊन एका जागी थांबायला हवा, तो आधी खाली बुडाला आणि मग वर आला. तू घरी आलीस ती उड्या मारतच. रेणू घोळका करण्याआधी काहीतरी वेगळीच मांडणी करताहेत, असं तुझं म्हणणं. पेढे आणलेस. आपण त्या खड्ड्याला नावही ठेवलं, ते मी इथे सांगत नाही.

पुढच्या आठवड्यात तू पुन्हा मोजलंस, कुणी न सांगता. खड्डा नाही. पुन्हा मोजलंस, नाही. मग तू आपली बोटं नाकाशी धरलीस आणि मटकन स्टुलावर बसलीस. साबणाच्या भीतीने आपण तेल आत घेऊन आलो होतो, एवढंच झालं होतं. दुसरी कुणी असती तर गप्प राहिली असती. तू पुढच्या परिषदेत व्यासपीठावरून ते सांगितलंस, भरतासकट. एकाने मागून विचारलं, तेल कोणतं होतं? तू म्हणालीस, "शेंगदाण्याचं. पुढच्या वेळी तिळाचं वापरून बघू." सभागृह हसलं आणि तू सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसलीस. मी तिथे मागच्या रांगेत होते आणि मला तुझा इतका अभिमान वाटला की मला कुणाशी तरी भांडावंसं वाटलं.

हे मी काल सभेनंतर गार सरांनाही ऐकवलं. म्हटलं, जिने स्वतःचा खोटा खड्डा स्वतःच्या हाताने बुजवला, तिला खरं-खोटं कळत नव्हतं असं म्हणू नका.

कारण दुसरी गोष्ट खरी होती. हिंगणबेटाचा अर्क आणि बाटलीतलं एक विकतचं सर्फॅक्टंट एकत्र केलं की हिवाळ्यात मिश्रण दुधाळ व्हायचं आणि दुधाळच राहायचं. आपण ते वाया गेलं म्हणून कोपऱ्यात सरकवून ठेवलं. मग मे महिना आला. वीज जायची, तापमान धरून ठेवणारी पाण्याची टाकी बंद पडायची, आणि खोली आपली आपण तापायची. एका दुपारी तू त्या कोपऱ्यातली नळी उचललीस आणि मला हाक मारलीस. नळीमागे वर्तमानपत्राचा तुकडा धरला होतास. केळीचे भाव होते त्यावर. एकेक अक्षर वाचता येत होतं. दूध नितळ पाणी झालं होतं. बर्फाच्या गाडीवरून लादी आणून टबात टाकली, नळी बुडवली, पुन्हा दूध. बाहेर काढली, पुन्हा नितळ. आपण दोघी वेड्यासारख्या दिवसभर तेच करत बसलो. गारव्यात त्या रेणूंचे मोठे गठ्ठे होतात, आणि चाळीस अंशांच्या आसपास ते गठ्ठे मोडून बारीक बारीक, वेगळ्याच घडणीचे घोळके होतात. आपल्या आधी हे कुणाला दिसलं नव्हतं, कारण सगळं जग पंचवीस अंशांवर मोजतं. पुस्तकात पंचवीसलाच खोलीचं तापमान म्हणतात.

तू पेपर लिहिलास आणि त्यात ते वाक्य घातलंस. इंग्रजीत होतं, पण मला ते तुझ्या आवाजातच ऐकू यायचं: ही मोजमापं आमच्या खोलीच्या तापमानाला, म्हणजे चाळीस अंशांना घेतली आहेत, हे तापमान आम्ही निवडलेलं नाही, आम्ही त्यात राहतो.

परीक्षकाचं उत्तर आलं. असं तापमान व्यवहारात फारसं उपयोगाचं नाही, पंचवीस अंशांची मोजमापं द्यावीत, आणि ते वाक्य शास्त्रीय लेखनात शोभत नाही, काढावं. तू वाचलंस, चष्मा काढून ठेवलास आणि म्हणालीस, "ह्या बाबाले मे महिनामा जळगावले बलाव."

मी तुझ्या बाजूने नव्हते तेव्हा, हे सगळ्यांना कळू दे. मला वाटायचं, आणि आजही वाटतं, की तू हट्टी होतीस. बर्फाच्या लादीवरचं जे दिसलं होतं तेही लिहायला काय हरकत होती? दोन्ही दिलं की वाचणाऱ्यालाच फरक कळेल. पण तुझं एकच, त्याने मागितलं म्हणून मी का देऊ. आपण यावर स्वयंपाकघरात भांडलो, प्रयोगशाळेत कुजबुजत भांडलो, आणि शेवटी धुळ्याच्या एस.टी.त सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं भांडलो. एरंडोल मागे पडलं तेव्हा मी म्हणत होते, "दोन्ही आकडा दी टाक ना, अक्का. आणि ते वाक्य जरा नरम कर. तापमानाचा परिणाम पाहावा म्हणून केलं, असं लिही."

"तेन्हाकरता करं का आपण?" तू म्हणालीस. "कूलर नव्हता म्हणीसन करं. येडी शे का तू? खोटं लिखाले मना हात वळत नही."

"खोटं कुठे आहे त्यात?"

"आपली खोली जितली तपस, मी तितलंच लिखसू."

तेवढ्यात पारोळा आलं. मला उतरायचं होतं, तुला पुढे धुळ्याला भावाकडे जायचं होतं. माझं वाक्य तोंडातच होतं आणि कंडक्टर घंटी ओढत होता. तू खिडकीतून म्हणालीस, "सोमवारले दखसूत, उतर आते." सोमवारी तुला ताप होता, तू धुळ्यालाच राहिलीस. नंतरच्या सोमवारी तू नव्हतीस. मी तुला शेवटी काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे, पण ते तुला कधी कळणार नाही, आणि याचा मला राग येतो. दुःखही होतं, खूप होतं, पण राग जास्त येतो.

धुळ्याला गेले तेव्हा भाऊंनी मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "तिन्हं काम बठ्ठं तुलेच माहीत शे. आते तूच दख." तुझ्या बॅगेतला तो पेपर त्यांनी मला दिला. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण दोन्ही हातांनी धरून दिला. तिथे मात्र मी रडले, अक्का. तुझ्या वहिनीने मला जवळ घेतलं आणि माझ्या केसांना तेल लावू लागली. मी लावू दिलं.

आज सकाळी गार सरांनी केबिनमध्ये बोलावलं. कूलर चालू होता. मला त्यांच्याबद्दल वाईट लिहायचं नाही, माणूस दुष्ट नाही, नुसता गार आहे. ते आता माझे मार्गदर्शक होणार आहेत. त्यांनी सगळी सोय केली होती. पुण्याला त्यांचे मित्र आहेत, त्यांच्या प्रयोगशाळेत तापमान हवं तिथे धरून ठेवता येतं. महिनाभर जायचं, पंचवीस अंशांना मोजायचं, चाळीसचा भाग गाळायचा.

"पण पंचवीसला काही होतच नाही, सर. दुधाळ राहतं."

"मग तसं लिहायचं. स्वच्छ, सरळ पेपर. मॅडमचं नाव लागेल, तुझी पीएच.डी. दिवाळीपर्यंत मार्गी लागेल. नाहीतर हे किती वर्षं रेंगाळेल, तुला कल्पना आहे?"

मला कल्पना आहे. मला कॉलेजातली तात्पुरती नोकरी कायम व्हायला ती पदवी लागते. घरून आई दर पत्रात विचारते. मी त्या गार हवेत उभी होते आणि खरं सांगते, एक क्षण वाटलं, हो म्हणावं. कुणाचं काय बिघडणार होतं? तू तर नाहीस. मग लक्षात आलं की तेच बिघडणार होतं. तुला जे दिसलं ते गाळून तुझं नाव लावायचं, म्हणजे तुला दुसऱ्यांदा पोचवून यायचं. एकदा धुळ्याला जाऊन आले तेवढं पुरे आहे.

मी म्हटलं, "चाळीसच राहील, सर. मार्गदर्शक म्हणून तुम्हाला सही करायची नसेल तर नका करू."

ते म्हणाले, "तू अगदी त्यांच्यासारखी व्हायला लागलीस." त्यांना वाटलं त्यांनी मला टोचलं. मी त्यांना थँक यू म्हटलं.

तिथून मी तडक कोर्टाजवळच्या टंकलेखकाकडे गेले. तुझं वाक्य होतं तिथे, होतं तसं आहे. एक शब्द नरम केलेला नाही. पण त्याच्या खाली मी एक वाक्य माझं घातलंय: बर्फाच्या लादीवर पंचवीस अंशांपर्यंत गार केलं असता मिश्रण पुन्हा दुधाळ होतं. तू चिडशील. चिड. भांडण सोमवारपर्यंत लांबवलं होतंस तू, मी नाही, आणि माझी बाजू मांडायचा मला हक्क आहे. आता त्यात तूही आहेस आणि मीही आहे, आणि दोघींपैकी कुणी माघार घेतलेली नाही.

टंकलेखक भला माणूस. त्याला बातमी कळली होती. त्याने कागद फिरवता फिरवता विचारलं, मॅडमच्या नावाआधी 'कैलासवासी'ला इंग्रजीत जे असेल ते टाकू ना? संपादकांना कळायला हवं, सहानुभूती वाटेल. मी म्हटलं, "काही टाकू नका. नाव पहिलं, आणि नुसतं." त्या परीक्षकाने काय लिहायचं ते जिवंत बाईला लिहिल्यासारखं लिहावं. मेलेल्या बाईवर त्याने दया करून पेपर घ्यावा, हे तुला चाललं नसतं आणि मलाही चालणार नाही. खोटं काही लिहिलेलं नाही, न विचारलेलं फक्त सांगितलेलं नाही.

रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. पोस्टाच्या खिडकीतल्या माणसाने गोंद इतका पातळ झालाय म्हणून उन्हाला शिव्या दिल्या. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. परत आलं तर, असं मी स्वतःला विचारत चालले होते. परत आलं तर पुन्हा मोजेन, आणि पुन्हा चाळीसलाच मोजेन. जळगावचा उन्हाळा काही कुठे जात नाही, अक्का, आणि मीही नाही.